संशोधन आमच्यावर, निष्कर्ष कुणाच्या भाषेत?

मैत्रिणींनो,

'आरोग्य-संशोधन आणि आपण' हा या अंकाचा विषय ठरला तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा : संशोधन हे डॉक्टरांचं आणि शास्त्रज्ञांचं काम. आपल्या गटातल्या बायांना त्याचं काय? रेशन, दारू, मारहाण, पोटगी, रोजगार हमीची थकलेली मजुरी, यांतून सवड मिळाली तर ना संशोधनाचा विचार! प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे हे संपादकीय.

ते लिहायचं माझ्याकडे आलं, कारण गेली अनेक वर्षं मी पोटासाठी जे काम करते ते याच विषयातलं आहे. वैद्यकीय संशोधनात भाग घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मराठीत लिहायची, संशोधनाचे निष्कर्ष वर्तमानपत्रांसाठी, आशा आणि आरोग्यसेविकांसाठी सोप्या भाषेत मांडायचे, असं ते काम. त्याला 'विज्ञान-संवाद' असं भारदस्त नाव आहे. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, "डॉक्टरांचं इंग्रजी बायांना कळेल असं करून देते." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे भाषांतर! शब्दकोश उघडला की झालं! पण कुणाला सांगायचं, किती सांगायचं आणि कुठल्या शब्दांत सांगायचं, यावर समोरच्या बाईला 'नाही' म्हणता येईल की नाही ते ठरतं. ज्या कामावर बाईचं 'नाही' अवलंबून आहे ते काम नुसतं भाषेचं कसं असेल? ते सत्तेचं काम आहे आणि म्हणून आपल्या चळवळीचंही आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. ते आपल्याच मातीतलं आहे.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं संशोधन सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समध्ये मुख्यालय असलेली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर-संशोधन संस्था यांनी ते मिळून केलं. प्रश्न होता गर्भाशयमुखाच्या, आपल्या भाषेत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा. तो लवकर ओळखण्यासाठी कुठली तपासणी केली तर बायांचे जीव वाचतील? ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया या अभ्यासात होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत वाटले गेले. एका गटात एच.पी.व्ही. या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाला तपासणी दिली गेली नाही. त्यांना नेहमीची आरोग्यसेवा आणि तपासणी कुठे होते याची माहिती, एवढंच.

आठ वर्षं पाठपुरावा झाला. २००९ साली निष्कर्ष एका नामवंत अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. विषाणूची तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ बायांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांमध्ये ६४. म्हणजे दर दहा हजार बायांमागे साधारण वीसच्या जागी दहा. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले! जगभर या निष्कर्षाची दखल घेतली गेली. पॅप तपासणी वर्षानुवर्षं परत परत करणं जिथे जमत नाही अशा गरीब देशांनी कुठली वाट धरावी, या चर्चेत उस्मानाबादच्या या बायांचा वाटा मोठा आहे.

आता नकाशावर थोडं सरकू या. उस्मानाबादच्या शेजारचा जिल्हा बीड. दहा वर्षांनंतर, २०१९ साली, बीडच्या ऊसतोड कामगार बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक! त्यातल्या कितीतरी जणी अजून चाळिशीलाही पोचल्या नव्हत्या.

या मागची कारणं एकपदरी नाहीत, हे आपण जाणतो. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला की दोघांच्या मजुरीतून दंड. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. पाळीचे चार दिवसही परवडत नाहीत. त्यात खाजगी दवाखान्यांचा धंदा. हे सगळं खरं. पण या बायांशी बोलणाऱ्या पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवली आहे. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की तिला सांगितलं जायचं : पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल.

कॅन्सर! एवढा एक शब्द पुरला. बाईने दागिना मोडला, मुकादमाकडून आणखी उचल घेतली आणि ती टेबलावर जाऊन पडली.

मैत्रिणींनो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायांच्या शरीरातून जगाला कळलं की या कॅन्सरला घाबरून पिशवी काढायची गरज नाही, एक साधी तपासणी पुरते. हे ज्ञान इंग्रजीत छापलं गेलं, परिषदांमध्ये मांडलं गेलं, इतर देशांच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. आणि शेजारच्या जिल्ह्यात, त्याच भाषेत बोलणाऱ्या, त्याच दुष्काळात होरपळणाऱ्या बायांपर्यंत ते दहा वर्षांत पोचलं नाही. पोचली ती फक्त भीती. ज्ञान बायांच्या शरीरातून निघालं, पण वळून बायांकडे आलं नाही. माझ्या कामाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे.

बीडमधल्या बाईला तेव्हा काय सांगायला हवं होतं? फार काही नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो की त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेक जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि मग त्याचा कॅन्सर व्हायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. तपासणीत सुरुवातीचे बदल दिसले तर तेवढ्या भागावर छोटासा उपचार करता येतो, सहसा पिशवी काढावी लागत नाही. पांढरं जाणं बहुधा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, ते औषधाने बरं होतं. मात्र संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर तपासणी टाळायची नाही. आणि तरुण वयात पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी एकदम जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. एवढंच. पाच मिनिटांचं बोलणं. बचत गटाच्या बैठकीत होऊ शकलं असतं. पण ते बोलायची जबाबदारी कुणाचीच नव्हती!

परिस्थिती आजही फार बदललेली नाही. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी जेमतेम १.९ टक्के बायांची ही तपासणी कधीतरी झालेली होती. शंभरात दोनही नाहीत. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात या कॅन्सरच्या १ लाख २७ हजारांहून अधिक नव्या रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू.

आता त्याच संशोधनाची दुसरी बाजू. चौथा गट, ज्यातल्या बायांना तपासणी मिळाली नाही. अशाच रचनेची आणखी दोन संशोधनं झाली, एक मुंबईच्या वस्त्यांमध्ये आणि एक तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात. २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात एका अमेरिकी डॉक्टरांनी हिशेब मांडला : या तिन्ही संशोधनांत मिळून १ लाख ३८ हजारांवर बाया तपासणी न देण्याच्या गटात होत्या आणि त्यांपैकी किमान २५४ जणी याच कॅन्सरने गेल्या. अमेरिकेत मानवी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने, संमती देण्यासाठी पुरेशी माहिती बायांना दिली गेली नव्हती, असा निष्कर्ष काढल्याचंही त्यांनी नमूद केलं. संशोधकांचं म्हणणं वेगळं होतं. देशात कुणालाच ही तपासणी नियमित मिळत नव्हती, मग 'नेहमीची सेवा' म्हणजे तपासणी नसणंच. आणि तुलना केल्याशिवाय कुठली पद्धत जीव वाचवते ते कळणार कसं?

दोन्ही बाजूंवर आपण तासन् तास चर्चा करू शकतो आणि करायला हवी. पण माझा प्रश्न साधा आहे. चौथ्या गटातल्या बाईला सांगताना नेमके कुठले शब्द वापरायचे? इंग्रजीत 'कंट्रोल ग्रुप' म्हटलं की सगळं सभ्य वाटतं. मराठी कागदांवर त्याचं 'नियंत्रित गट' असं होतं आणि मग कुणालाच काही कळत नाही. मी लिहिते ते असं : 'आम्ही चिठ्ठ्या टाकून गावं वाटणार आहोत. काही गावांतल्या बायांची तपासणी होईल, काही गावांतल्या बायांची होणार नाही. तुमचं गाव तपासणी न होणाऱ्यांत आलं आहे. या आजाराने बाई दगावू शकते. तपासणी हवी असेल तर ती अमुक रुग्णालयात होते, तिथे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे.' हे लिहिलं की लगेच सूचना येते, "ताई, इतकं उघड लिहिलं तर कुणी सही करणार नाही!" नेमकं तेच तर पाहायचं असतं. सगळं कळल्यावर जी सही होते तीच संमती. न कळता झालेली सही म्हणजे नुसती शाई.

एका संस्थेचं काम करताना मला सांगण्यात आलं की 'प्रयोग' आणि 'संशोधन' हे दोन्ही शब्द पत्रकातून काढून 'आरोग्य कार्यक्रम' लिहा, लोक घाबरतात. मी नकार दिला आणि ते काम दुसरीकडे गेलं. त्या संस्थेतली माणसं वाईट नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की चांगल्या कामासाठी थोडं गोड बोललं तर काय बिघडलं. पण कार्यक्रम म्हटला की सरकार काहीतरी देतंय असं बाई समजते. संशोधन म्हटलं की ती विचारते, माझ्यावर काय करून पाहणार? हा प्रश्न विचारायचा तिचा हक्क एका शब्दाच्या अदलाबदलीत जातो.

कोण म्हणेल, हे फारच ताणणं झालं. मग २००९ साल आठवा. आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात, याच विषाणूवरची लस १० ते १४ वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारं त्यात होती. त्याला नाव होतं 'प्रात्यक्षिक प्रकल्प'. पुन्हा तोच शब्दांचा खेळ! अनेक मुली आदिवासी होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. सात मुली दगावल्याचं पुढे आलं, समासारख्या स्त्री-आरोग्य गटांनी खम्मममध्ये जाऊन मुलींशी आणि पालकांशी बोलून वस्तुस्थिती मांडली आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. सरकारी चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण संमतीचा कारभार उघडा पडला. आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

आता याचा शेवट पाहा, कारण तो आपल्यालाही विचार करायला लावतो. ती लस चांगली निघाली. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी आढळल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. इतकंच नाही, तर पुणे, बार्शीसह देशातल्या काही ठिकाणी दुसरं एक संशोधन चालू होतं, तेही २०१० मध्ये अर्ध्यावर थांबवलं गेलं आणि त्यामुळे अनेक मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. एका डोसचं संरक्षणही दोन-तीन डोसांच्या तोडीचं असल्याचं त्यातून २०२१ मध्ये दिसलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसलाही मान्यता दिली. पुन्हा आपल्याच मुलींच्या शरीरातून जगाला ज्ञान मिळालं! पण आपल्याकडे मात्र खम्ममनंतर या लसीचं नाव काढलं की आईच्या मनात शंका उभी राहते. ती शंका अडाणीपणातून आलेली नाही. जिला एकदा न विचारता टोचलं गेलं, ती पुढच्या वेळी खरं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. लपवाछपवीने लसीचा प्रसार वेगाने होतो असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी त्या लसीला वर्षानुवर्षं मागे ढकललं.

म्हणून आपण आपली भूमिका नीट समजून घेऊ. आपण विज्ञानाच्या विरोधात नाही, लसीच्याही नाही. आपला विरोध आहे तो बाईला अंधारात ठेवण्याला. आणि हाच नियम आपल्या पत्रकांनाही लागू आहे. कुठल्याही औषधाबद्दल भीतीचा अर्धवट मजकूर फिरवणं म्हणजे बीडच्या डॉक्टरने जे केलं तेच आपण करणं.

आकडे कसे फसवतात याचं एक प्रसिद्ध उदाहरण देते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बायांनी घाबरून गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले. प्रत्यक्षात आकडा काय होता? जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार बायांमागे एकीला त्रास होई, नव्या घेणाऱ्यांत सात हजारांमागे दोघींना. 'दुप्पट' हेही खरं आणि 'सात हजारांत एक जास्त' हेही खरं. पण पहिलं ऐकून बाई घाबरते, दुसरं ऐकून ती विचार करते.

पाळी गेल्यानंतर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या बाबतीत हेच झालं. २००२ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. स्तनांच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, अशा बातम्या आल्या. दहा हजार बायांमागे वर्षाला ३० च्या जागी ३८, म्हणजे आठ जणी जास्त, असा त्याचा अर्थ. औषध विकायचं असतं तेव्हा फायदा टक्क्यांत सांगतात आणि तोटा 'हजारात एखादीला' असा. म्हणून माझ्या लिखाणात मी एक पथ्य पाळते : फायदा आणि तोटा दोन्ही एकाच मापाने मोजायचे, किती बायांमागे किती जणी. टक्के नंतर. तुम्ही वर वाचलेल्या उस्मानाबादच्या आकड्यांकडे परत पाहा, तिथेही मी तेच केलं आहे. इंग्लंडच्या लसीचा आकडा मात्र मी टक्क्यांत दिला आहे, 'किती मुलींमागे?' हा प्रश्न तिथे तुम्ही मला विचारायला हवा.

हे काम आपल्याला नवं नाही. १९८५ साली हैदराबादजवळ पटणचेरूच्या आरोग्य केंद्रात 'नेट-एन' या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बाया जमवल्या जात होत्या. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे गेल्या आणि त्यांनी बायांना सांगितलं की ही चाचणी आहे, हे हे त्रास होऊ शकतात. १९८६ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईत गर्भलिंगनिदानाविरोधी मंचाने गर्भजलपरीक्षेचं तंत्र समजून घेऊन ते पत्रकांतून, सभांतून घराघरांत नेलं आणि १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. तेव्हा 'विज्ञान-संवाद' हा शब्द कुणी वापरत नव्हतं. पण तो आपणच केला होता, आपल्या खर्चाने आणि आपल्या भाषेत.

आज हे काम बहुतेक पैसे देणाऱ्यांच्या हाती गेलं आहे. औषध कंपनी, रुग्णालय किंवा देणगीदार संस्था मजुरी देते आणि माझ्यासारखीने लिहायचं असतं. पगार एकाचा आणि बांधिलकी दुसरीशी, ही ओढाताण रोजची. ती एकटीने सहन करण्यापेक्षा आपण तिला सामूहिक उत्तर शोधायला हवं. म्हणून काही ठोस गोष्टी.

पहिली, कायदा आपल्या बाजूने वापरू या. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत भाग घेणाऱ्या बाईला मिळालीच पाहिजे. ती वाचू शकत नसेल तर संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर हवा. ती साक्षीदार आपल्या गटातली का नसावी? चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत किमान एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री असणं बंधनकारक आहे. तुमच्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीत त्या खुर्च्यांवर कोण बसतं, हे विचारा.

दुसरी, कुठलंही 'आरोग्य शिबिर' वस्तीत आलं तर सहा प्रश्न पाठ करून जा. हा उपचार आहे की संशोधन? मी 'नाही' म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार थांबतील का? चिठ्ठीत दुसऱ्या गटात गेले तर मला काय मिळणार नाही? किती बायांमागे किती जणींना फायदा आणि किती जणींना त्रास? मला इजा झाली तर औषधपाणी आणि भरपाई कोण देणार? आणि तुमचा निष्कर्ष मला कधी, कुठल्या भाषेत कळणार?

तिसरी मागणी याच शेवटच्या प्रश्नातून येते. २००९ पासून भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंदणी सरकारी नोंदवहीत करावी लागते, पण ती इंग्रजीत. युरोपात २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे चाचणीचा सारांश सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत देणं सक्तीचं आहे. मग महाराष्ट्रात झालेल्या प्रत्येक संशोधनाचा दोन पानी सारांश मराठीत, आणि जिथे लागेल तिथे गोंडी, भिलीत तोंडी, का मिळू नये? ज्या गावांतून रक्त, पेशी आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी नेल्या, त्या गावच्या ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवा. रक्त गोळा करायला गाडी येऊ शकते, तर निष्कर्ष सांगायलाही येऊ शकते.

या अंकातले लेख याच दिशेने मांडले आहेत. ते गटात मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तर तो बाईचा दोष नाही, लिहिणारीचा आहे. तो शब्द आम्हाला कळवा, पुढच्या अंकात तो सोपा करू. तुमच्या भागात एखादं संशोधन झालं असेल, चालू असेल, त्याचे कागद तुमच्याकडे असतील तर पाठवा. बायांची नावं झाकून पाठवा. ते मराठीत आणून परत तुमच्याकडे पोचवणं ही जबाबदारी आमची.

संपादक मंडळासाठी,
तुमचीच एक मैत्रीण